सव्वा मूठ

त्या श्रावणात कानबाई बसायच्या आधीच मंगलाबाईंनी लढाई जिंकली होती, आणि जिंकलेल्या माणसाला डोळ्यांपुढचं जरा कमीच दिसतं.

लढाई परक्याशी नव्हती, थोरल्या मुलाशी, हेमकांतशी होती. धाकट्या भाग्येशनं पाच वर्षांपूर्वी नवापूरकडच्या प्रिस्किलाशी लग्न केलं. ती ख्रिस्ती, त्यात भाग्येशनं घरात कुणाला विचारलंही नव्हतं. लग्नानंतरच्या श्रावणात बापूंनी, म्हणजे हिलाल पाटलांनी, ओसरीवरच्या खाटेवरूनच आवाज दिला होता, "भाग्येसनी मूठ टाकू नको." मंगलाबाईंचा हात गव्हाच्या डब्यात होता. तो हात क्षणभर थांबला आणि रिकामाच बाहेर आला. बापू जाऊन तीन श्रावण झाले, तरी हेमकांतनं वडिलांचा शब्द वडिलांपेक्षा घट्ट धरून ठेवला होता.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढ्याशा मुठीचं काय ते! पण खानदेशात कानबाई देवीचे रोट म्हणजे घराची शिरगणतीच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आदल्या दिवशी घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळून त्याचे रोट करायचे आणि घरच्यांनीच ते खायचे. सुनेची मूठ नसते, पण ती खाते, कारण लग्नानं ती कुळात आली. लग्न झालेली लेक खात नाही, कारण ती कुळातून गेली. पाहुण्याला कुणी देत नाही, शेजाऱ्याला कुणी वाढत नाही. ज्याची मूठ टाकली नाही तो घरचा नाही, हे कोरीट गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

म्हणून यंदा मंगलाबाई हटूनच बसल्या. मन्हा दोनी पोऱ्यास्नी मूठ एका सुपात पडी, नही तं यंदा कानबाई बठावच नही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. जाहीर त्यांनी केलं, पण राबली ती लेक, चारुलता. रोज संध्याकाळी हेमकांतला फोन तिनं लावला. "भाऊ, बापू गयात, त्यास्ना रागबी त्यास्नासंगे जाऊ दे ना," असं तीच म्हणाली. रुपावहिनीला तिनंच गोडीगुलाबीनं वळवलं. सुरतेला भाग्येशला समजावलं तेही तिनंच. शेवटी हेमकांत "करा काय करनं शे ते" एवढं म्हणाला, आणि मंगलाबाईंनी ते होकारात जमा केलं.

चारू ही मधली. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणल्यावर आठ वर्षांपूर्वी ती शिरपूरहून माहेरी आली, ती एक पत्र्याची पेटी घेऊन. "चार दिवस ऱ्हासू, माय," म्हणाली होती. ते चार दिवस काही सरले नाहीत. बापूंना लकवा झाल्यावर दोन वर्षं त्यांचं अंथरूण-पांघरूण, खाणंपिणं, हगणंमुतणं तिनं काढलं. हेमकांत पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात, त्याचं बिऱ्हाड तिकडेच. भाग्येश सुरतेला. कोरीटच्या घरात या दोघी. दूधवाला, मजूर, वाटेकरी, मंगलाबाईंच्या साखरेच्या गोळ्या, सगळं चारूच्या हाताखालून जायचं. ती आहे हे मंगलाबाईंनी इतकं धरून चाललं होतं की तिचा विचार म्हणून वेगळा करायची वेळच कधी आली नव्हती.

आषाढात दोघी रोटांचे गहू निवडत बसल्या होत्या. खडे वेचता वेचता चारू सहज म्हणाली, "माय, दोनी भाऊस्नी टाकी ऱ्हायनीस ना, मंग मन्हीबी टाक एक मूठ."

मंगलाबाई खळखळून हसल्या होत्या. "पोरीस्नी मूठ कोनी टाकस का व? ऱ्हावू दे तुन्ही मस्करी."

चारूही हसली. मग तिनं ताट स्वतःकडे ओढलं आणि उरलेले गहू एकटीनंच निवडले.

शनिवारी सकाळी न्हाऊन-धुऊन, ओलेत्या केसांनी मंगलाबाई गव्हाच्या डब्यापुढे बसल्या. चारूनं समोर सूप धरलं.

"माय, मापाआधी एक सांगू? विसरवाडीना फोन उना व्हता. सोमवारलगून हा-नही सांगनं शे."

विसरवाडीच्या हमरस्त्याला लागून आदिवासी मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथं राहून मुलींची देखरेख करायला बाई हवी होती. प्रिस्किलाच्या मावशीच्या ओळखीनं चारूचं नाव गेलं होतं. महिन्याभरात तिनं तीनदा हा विषय काढला होता, आणि तिन्ही वेळा मंगलाबाईंना दुसरं काहीतरी काम आठवलं होतं.

"कानबाई जाऊ दे, मंग दखूत," त्या म्हणाल्या. "सूप नीट धर."

चारूनं सूप नीट धरलं.

"हेमकांतनी." एक भरलेली मूठ, वर पाव मूठ. "यज्ञेशनी." हेमकांतचा मुलगा पुण्याला शिकत होता आणि येणारही नव्हता, पण त्यानं काही अडत नाही. "भाग्येसनी." पाच वर्षं अडून राहिलेलं नाव तोंडातून नीट निघेना, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा घेतलं. "भाग्येसनी. आनि मन्हा चैत्यानी." चैत्या म्हणजे चैतन्य, भाग्येशचा चार वर्षांचा मुलगा. त्याची मूठ टाकताना त्यांनी पाव मुठीच्या जागी जवळजवळ अर्धी टाकली.

सूप हललं नाही. चारू ते तसंच पुढे धरून बसली होती.

"व्हयनं?" तिनं विचारलं.

"व्हयनं. आखो कोन शे?"

"नही," चारू म्हणाली. "कोनी नही."

मग ती उठली आणि सूप डोक्याला लावून चक्कीवर गेली. रोटांच्या दळणासाठी चक्कीवाल्या जान्यानं आदल्या रात्रीच चक्की धुऊन-पुसून ठेवली होती. मंगलाबाई ओसरीवर आल्या आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत, भाग्येश उद्या याच रस्त्यानं येईल म्हणून उगाचच हसल्या.

हेमकांत आणि रुपा शनिवारी संध्याकाळीच आले. भाग्येश बायको-मुलाला घेऊन रविवारी सकाळी नंदुरबार स्टेशनावर उतरला आणि रिक्षानं कोरीटला पोचला. हेमकांत ओट्यावर मोबाइल बघत बसला होता. भाग्येश वाकून पाया पडला.

"भाऊ."

"उनात का? गाडीमा गर्दी व्हती का?"

"व्हती ना. सुटीना दिन."

झालं. पाच वर्षांचा अबोला गाडीच्या गर्दीत संपला. मंगलाबाई दाराआडून ऐकत होत्या. पदरानं डोळे पुसून त्या आत वळल्या, तर आत दुसरंच काही वाढून ठेवलेलं.

"आई, एक इचारू?" रुपा कणीक चाळता चाळता दबक्या आवाजात म्हणाली. "ती धाकली चुलापाशी बठी का?"

"बठी तं काय व्हई?"

"व्हई काय, काहीच नही. पन एकवीस वरीस व्हयनात, मी वल्ला केसस्नी उपाशी रांधस. ताप उना तरी रांधं. माले कोनी कव्हय सूट दिधी नही. आनि ती पहिलाच वरीसले येई, आनि समदं चाली?" रुपाचे डोळे भरले होते. वाईट बाई नव्हती ती. जे तिनं निमूट पाळलं त्याची किंमत एका दिवसात उतरली, एवढंच तिचं दुःख होतं.

उत्तर दिलं ते चारूनं. "वहिनी, रोट तूच लाट. तुन्हासारखा गोल कोनलेच येत नही. प्रिस्किला गंगाफळ चिरी आनि पुरन वाटी. चुलाना मानूस तूच."

रुपानं नाक ओढलं. "पुरन तिले येस का?"

"येतं, वहिनी," दारातून प्रिस्किला म्हणाली. तिला अहिराणी समजायची, बोलायला मात्र ती शाळेतलीच मराठी वापरायची. "आमच्या शेजारी पाटील राहायचे. त्यांच्याकडे होळीला मीच वाटायचे. फक्त मला वेलदोडा जरा जास्त लागतो."

"जास्त नको टाकू, तुन्हा जेठले चालत नही," रुपा म्हणाली, आणि पाटा तिच्याकडे सरकवला. घंटाभरात दोघी आपापल्या नवऱ्यांच्या घोरण्यावर बोलू लागल्या. मंगलाबाईंना वाटलं, कानबाईनंच हे घडवून आणलं. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या लेकीकडे त्यांचं लक्ष गेलं ते फक्त "धूर व्हई ऱ्हायना व, लाकडं मागे घे" एवढं सांगण्यापुरतं. मागच्या पडवीत नंतर चारू आणि प्रिस्किला हळू आवाजात बोलत होत्या, त्यात विसरवाडीचं नाव एकदा कानावर आलं. मंगलाबाईंना वाटलं, माहेरच्या गप्पा चालल्या असतील.

दुपारी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, हिरवं लुगडं, वरती केळीच्या खांबांची कमान. आरती झाली. एरवी पुरुषांची पंगत आधी उठायची, पण यंदा मंगलाबाईंनी सगळ्यांना एकदमच बसवलं. वाढायला चारू होती.

हेमकांतनं पहिला रोट हातात घेतला, मोडला आणि अर्धा भाग्येशच्या ताटात ठेवला.

"बापू ऱ्हातात तं..." हेमकांत घसा खाकरून म्हणाला.

"बापू ऱ्हातात तं हाई ताटच फेकी देतात," भाग्येश म्हणाला, आणि दोघं भाऊ लहानपणी हसायचे तसे खांदे हलवून हसले. याच क्षणासाठी आपण एवढे दिवस जगलो असं मंगलाबाईंना वाटलं.

तेवढ्यात चैत्या ताटावरून उठला. तुपानं माखलेला रोटाचा तुकडा घेऊन तो दाराशी उभ्या असलेल्या चारूकडे गेला. "आत्या, आ कर."

"आत्याले नको दिऊ रे," रुपा चटकन म्हणाली. "तिले चालत नही."

"का?" प्रिस्किलानं विचारलं. "ताईंचा उपास आहे?"

"उपास नही. ती लेक शे ना. लगीन व्हयेल लेक रोट खात नही."

प्रिस्किलानं आपल्या ताटाकडे पाहिलं, मग चारूकडे. "म्हणजे मला चालतं, आणि ताईंना नाही?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. पण प्रश्न पंगतीत पडला तो पडलाच. हेमकांत भाताशी खेळत राहिला. भाग्येशनं मंगलाबाईंकडे पाहिलं, मग रुपानं, मग सगळ्यांनीच. घर त्यांचं, मूठ टाकणारा हातही त्यांचाच. "खाय व चारू," एवढे तीन शब्द पुरले असते. हेमकांत कुरकुरला असता आणि गप्प बसला असता. पण मंगलाबाईंना भीती वाटली, इतक्या मुश्किलीनं बसवलेली घडी विसकटेल याची.

"रीत शे बेटा," त्या प्रिस्किलाला म्हणाल्या. "तिन्ही भाकर येगळी शे. तिले सवय शे."

"मी पाव्हनी शे, चैत्या," चारू म्हणाली आणि खाली बसून त्याचं तोंड पुसलं. "आठ वरीसनी पाव्हनी."

सगळे हसले. हसू फुटायला काहीतरी हवंच होतं. प्रिस्किला तेवढी हसली नाही. चारूनं वाढणं संपवलं आणि आपली कळण्याची भाकर आणि ठेचा घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसली. दरवर्षी ती तिथंच बसायची. त्या दिवशी पहिल्यांदा मंगलाबाईंना तिचं बसणं दिसलं, पाठमोरं. दिसलं, पण त्यांनी मान वळवली आणि चैत्याला पुरण भरवायला घेतलं.

सोमवारी वाजतगाजत कानबाईचं विसर्जन झालं. रुपानं डोक्यावर चौरंग घेतला होता, शेजारून प्रिस्किला चैत्याला कडेवर घेऊन चालत होती, आणि गल्लीतल्या बाया डोळे मोठे करून बघत होत्या. परत आल्यावर सगळे ओसरीवर चहाला टेकले. दुपारनंतर दोन्ही भाऊ निघणार होते.

"माय, दिवाळीले तू पुरुषोत्तमनगरले येजो," हेमकांत म्हणाला. "आठ-पंधरा दिन ऱ्हाय. मंग आठे तुले काय काळजी, चारू शेच."

"भाऊ, मी परवा विसरवाडीले जाई ऱ्हायनी," चारू म्हणाली. कपबश्या गोळा करता करताच म्हणाली. "सकायमा फोन करीसन हा सांगी दिधं."

"कसाले?"

"नोकरीले. पोरीस्ना वसतिगृहमा. ऱ्हावाले खोली शे, जेवन तठेच."

हेमकांतनं मोबाइल खाली ठेवला. "आनि माय?"

"ताई, असं कसं?" भाग्येशही पुढे सरकला. "मायले एकली टाकीसन जाशी? तिन्ही साखर, तिन्हा गुडघा... तू ऱ्हास म्हनीसन आम्ही तठे निवांत ऱ्हातस."

काल रोट वाटून खाल्लेले दोघे भाऊ आज एका बाजूला होते. ज्या भाग्येशसाठी चारूनं महिनाभर फोनवर घसा कोरडा केला, तोही तिकडेच. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि उरलेला चहा झाडाच्या मुळाशी ओतला.

बोलली ती रुपा. "दोनीजन तिनावर काय चढी ऱ्हायनात? आठ वरीस तिनी करं. बापूस्नं करं, आईस्नं करं. आते तुम्हनी पाळी."

"तू मधमा बोलू नको," हेमकांत म्हणाला.

"कालदिन पंगतमा बोलनू ते चुकनं मन्हं. आज बोलसूच."

भाग्येश बायकोकडे वळला. "तुले मालूम व्हतं का?"

"हो," प्रिस्किला म्हणाली. "जागा आहे हे मीच त्यांना सांगितलं. जा असं नाही सांगितलं. ते त्यांनी ठरवलं."

मंगलाबाईंच्या मनात माया यायच्या ऐवजी रागच आला. "मन्ही पोर परका घरमा जाईसन परकी पोरीस्ले सांभाळी? लोक काय म्हनतीन?"

चारूनं ताटली खाली ठेवली. "माय, परकं घर कोनतं, तेच माले आते समजत नही."

"पन मी सांगेल व्हतं ना, कानबाई जाऊ दे, मंग दखूत."

"कानबाई गई, माय," चारू म्हणाली.

दोघी सुना आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. तीन वाजता हेमकांतची गाडी गेली, त्यानंच भाग्येशला स्टेशनावर सोडलं. जाताना दोघांनी आईला दोन्ही बाजूंनी समजावलं, आपण काहीतरी बघू, एखादी बाई ठेवू, तू काळजी करू नको. बाई कोण ठेवणार आणि केव्हा, ते मात्र गाडी वळेपर्यंत कुणी बोललं नाही.

मंगळवारी घरात पुन्हा दोघीच. रोट उरले होते. ते टाकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. दुपारी मंगलाबाईंनी दोन ताटं घेतली. आपल्या ताटातला रोट मोडला आणि अर्धा लेकीच्या ताटात ठेवला.

"खाय."

चारू त्या तुकड्याकडे बघत राहिली.

"खाय व. कोन दखी ऱ्हायनं आठे?"

शब्द तोंडातून गेले आणि मंगलाबाईंना कळलं, आपण चुकीचंच बोललो.

"कोनी दखत नही म्हनीसन खाऊ का, माय?" चारूचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "परोनदिन समदा दखी ऱ्हायंतात. तव्हय सांगती ना."

"माले सुचनंच नही व."

"ते माले मालूम शे." तिनं तुकडा उचलला, हलकेच आईच्या ताटात परत ठेवला. "त्यामा मन्ही मूठ नही. सूप धरीसन मीच बठेल व्हतू. कोनना वाटाना खाऊ? यज्ञेशना?"

मंगलाबाईंना तेव्हा आषाढातली ती दुपार आठवली. मस्करी नव्हती ती. मग शनिवारचं सूप आठवलं, जरा जास्तच वेळ पुढे धरलेलं. "आखो कोन शे?" असं आपणच विचारलं होतं, लेकीच्या तोंडावर, तिच्या हातातल्या सुपात बघत. पाच वर्षं भाग्येशच्या न टाकलेल्या मुठीसाठी त्यांचा जीव तुटला. पण तो सुरतेत बायको-मुलात सुखानं जेवत होता, आणि ही रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होती.

त्यांची स्वतःची मूठ तरी कधी कुणी टाकली होती? बापाच्या घरी भावांच्या टाकल्या, इथं नवऱ्याची आणि मुलांच्या. आपल्याला जे मिळालं नाही त्याची उणीव आपल्याला वाटली नाही, म्हणून लेकीलाही वाटत नसेल, असं त्या धरून चालल्या. आता वाटू लागलं की उणीव वाटली नव्हती असंही नाही. वाटलेली गोष्ट बोलायची सोय नव्हती इतकंच. चारू बोलली होती, आणि आपण हसलो होतो.

"ऱ्हाय ना व," त्या म्हणाल्या. "मन्हासाठे नही म्हनत. तुन्हं घर शे हाई."

"चार दिवस ऱ्हासू म्हनीसन उनू व्हतू," चारू म्हणाली. "भलता दिन ऱ्हायनू. जेव तू, थंडं व्हई ऱ्हायनं."

बुधवारी सकाळी फाट्यावर बस आली. पत्र्याची पेटी तीच होती, फक्त कडी नवीन बसवलेली. मंगलाबाईंनी लोणच्याची बरणी दिली, गोधडी दिली, आणखी काय द्यावं ते कळेना म्हणून पदरानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला. चारू पाया पडली. "गोळ्या फडताळमा डाव्या हातले शेत. दूधवालाले सांगेल शे, अर्धाच शेर देजो." बसमध्ये चढताना तिचे डोळे भरले होते, पण ती थांबली नाही.

घरी येऊन मंगलाबाई गव्हाच्या डब्यापुढे बसल्या. झाकण काढलं. "चारूनी," असं मोठ्यानं म्हणाल्या आणि सव्वा मूठ गहू पदरात घेतले. घरात ऐकायला कुणी नव्हतं. पदर मुठीत धरून तशाच त्या चक्कीवर गेल्या.

"काकू, हाई काय?" जान्यानं पदरात डोकावून पाहिलं. "रोट तं व्हई गयात ना?"

"एक मूठ ऱ्हाई गई व्हती."

"कोननी?"

"चारूनी."

जान्या हसेल असं त्यांना वाटलं होतं, पण तो हसला नाही. त्यानं एकदा चक्कीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "काकू, सोमवारपशी बाजरी दळी ऱ्हायनू. आते यामा रोटनं चालाव नही. पुढला वरीसले टाका ना तिन्ही मूठ, पहिली टाका."

मंगलाबाई मान हलवून परत फिरल्या. डब्याचं झाकण उघडलं, पण ते गहू बाकीच्यांत मिसळवेनात. पदराची गाठ मारून त्या ओसरीवर बसल्या. संध्याकाळी फोन वाजला.

"माय, पोचनू. खोली चांगली शे. गोळी लिधी ना?"

"लिधी. जेवनी का तू?"

"आते बठी ऱ्हायनी. पोरी थांबेल शेत. म्हनतस, ताई उनाबगर आम्ही सुरू कराव नही." पलीकडे ताटांचा आणि पोरींच्या हसण्याचा कल्ला होता. चारूही हसत होती. तिचं असं हसणं मंगलाबाईंनी फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"चारू, पुढला वरीसले..."

"पुढला वरीसले काय, माय?"

मंगलाबाईंनी पदराची गाठ हातात धरली. सांगावंसं फार वाटलं. पण ज्या तोंडानं आपण आषाढात हसलो, त्याच तोंडानं आता वर्षभर पुढची मूठ कबूल करायची त्यांना लाज वाटली.

"काही नही," त्या म्हणाल्या. "जेव पोटभर. पोरीस्ले ताटकळत ठेवू नको."

फोन ठेवून त्या आत गेल्या आणि फडक्यातले रोट काढले. आता ते कडक झाले होते. एक पाण्यात भिजत घातला आणि उरलेल्यांवर फडकं झाकलं. पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे होते, आणि घरात खाणारं माणूस एकच उरलं होतं.